शिवरात्रीची घारापुरी : तिथी आणि भरतीचा हिशेब



सणासाठी प्रवास काढायचा म्हटले की प्रथम तारीख विचारली जाते. उरणकराला मात्र आधी तिथी पाहावी लागते आणि तिथीवरून पाणी. माघ वद्य चतुर्दशीला घारापुरीस जाणाऱ्या मंडळींचेच उदाहरण घ्यावे. बेट उरण तालुक्यातले, मोऱ्याहून समोर दिसणारे. तेव्हा तयारी ती काय करायची, असा पुष्कळांचा समज. फसगत होते ती परतताना.

महाशिवरात्र २०२४ साली ८ मार्चला होती, २०२५ साली २६ फेब्रुवारीला, २०२६ साली १५ फेब्रुवारीला. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने २०२७ साली ती ६ मार्चला येते. सबब गेल्या वर्षीच्या तारखेवर रजेचा अर्ज देऊ नये.

पाण्याचा हिशेब कोळी बांधवांना तोंडपाठ असतो. तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजी वेळ निघते. चौदा पाऊणे साडेदहा. शिवरात्र मध्यरात्रीच्या चतुर्दशीवर धरतात, त्यामुळे दिवसा कधी त्रयोदशीच चालू असते. मग तेरा पाऊणे पावणेदहा. (पाऊणकी आता शाळेत कोण पाठ करतो, हा प्रश्न वेगळा.) थोडे मागेपुढे धरले तरी सकाळी दहा-अकराला भरती आणि दुपारी चार-पाचला पूर्ण ओहोटी. त्यातून अमावास्या तोंडावर; पाणी चढते फार तसे उतरतेही फार. मोरा बंदरात गाळ साचलेला. अशा ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि भाऊच्या धक्क्याच्या फेऱ्याही काही तास थांबवाव्या लागतात. नेमक्या याच वेळी, दर्शन आटोपून, उपवासाने थकलेली म्हातारी माणसे आणि कडेवरची पोरे परतायला निघतात!

म्हणून सकाळी आठ-साडेआठला बंदरावर हजर राहावे आणि दोनच्या आत बेट सोडावे. बेटावर मुक्काम करता येईल असे धरून चालू नये.

वेळ तेवढा पुरतो. धक्क्यापासून चालून पुढे सुमारे १२० पायऱ्या आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. मुख्य लेण्यात चार दारांच्या गाभाऱ्यात शिवलिंग आहे, दारांशी भव्य द्वारपाल. त्रिमूर्ती म्हणून ओळखली जाणारी सदाशिवाची मूर्ती साधारण अठरा फूट उंच. जाणकार ती सहाव्या शतकातली मानतात. १९८७ साली युनेस्कोने या लेण्यांना जागतिक वारसा ठरवले. फराळाची पिशवी मात्र उघडी धरू नये. माकडे उपवास पाळत नाहीत. लेणी एरवी सोमवारी बंद असतात, तेव्हा शिवरात्र सोमवारी आली तर अगोदर चौकशी करावी.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि अनेकांचे प्राण गेले. तो दिवस सणाचा नव्हता, गर्दीही यात्रेची नव्हती. बोटीत माणसे मोजून घ्यावीत, लाइफ जॅकेट लहानथोर सर्वांनी बांधावे. एकाच बोटीत सारे गाव बसण्याचा हट्ट धरू नये, दोन बोटी कराव्यात. आणि परतीची वेळ बोटवाल्याशी सकाळी उतरतानाच पक्की करावी; दुपारी पाणी त्याचेही ऐकत नाही.