मुंबईचीं नांवाजलेलीं उपाहारगृहें

उपाहारगृहाला नांव कशानें मिळतें, असा प्रश्न केला तर बहुतेकजण चटकन् उत्तर देतील कीं चवीनें. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु मुंबईच्या बाबतींत तें अपुरें आहे. या शहरांतील ज्या जुन्या जागांचीं नांवें आज वर्तमानपत्रांतून आणि प्रवाशांच्या तोंडून ऐकूं येतात, त्यांपैकीं बहुतेकांचा जन्म चोखंदळ जिभेसाठीं झालेला नाहीं. चूल नसलेल्या माणसासाठीं झालेला आहे. ज्याचें घर दूर, ज्याच्या खोलींत अंथरुणापुरतीच जागा, आणि ज्याला वेळेवर दोन घांस मिळाले तरच कामावर उभें राहतां येणार, अशा माणसानें या शहराला बाहेर जेवावयास शिकविलें. म्हणून मुंबईंत जेवावयास कोठें जावें हें ठरवितांना पदार्थांच्या यादीबरोबरच आणखी एक गोष्ट विचारण्यासारखी आहे : या जागीं पूर्वीं कोण बसत असे, आणि कोणाला बसूं देत नसत?

शिवथरच्या खोऱ्यांत उभें राहून मुंबईकडे पाहिलें म्हणजे हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. महाडपासून सुमारें ३० किलोमीटर आंत, वरंधा घाटाच्या बाजूस, कसबे शिवथर, कुंभे शिवथर आणि आंबे शिवथर अशीं गांवें आहेत. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनीं १९३० सालीं येथील घळ शोधून काढली, आणि समर्थांनीं दासबोध येथेंच सांगितला ही परंपरा लोकांपुढें आली. तेव्हांपासून शहरांतले पांढरपेशे लोक भक्तीनें शिवथरास येऊं लागले. महाड-पोलादपूरच्या डोंगरांतले लोक मात्र त्याच्या पुष्कळ आधींपासून पोटासाठीं शहराकडे जात होते. पाऊस अतोनात, जमीन उताराची, सखल भागांत भाताचें एक पीक आणि वरकस जमिनींत नाचणी-वरी; खळीं आटोपलीं कीं हाताला काम उरत नसे. मग एकामागून एक तरुण मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदींत शिरला. नाचणीची भाकरी, कुळथाचें पिठलें, वालाची आमटी आणि सुकटीची चटणी ही त्याची घरची चव; ती त्याच्या वळकटींत बांधून नेतां येण्यासारखी नव्हती.

शहरांत त्याला पहिलें उपाहारगृह भेटे तें खाणावळ. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड या भागांतील चाळींत एकेका खोलींत एकाच गांवचीं दहा-पंधरा माणसें राहत. दिवसपाळीचा माणूस उठे त्या जागीं रात्रपाळीचा आडवा होई. एवढ्या जागेंत प्रत्येकानें चूल पेटविणें शक्यच नव्हतें. तेव्हां त्याच वस्तींतील एखादी बाई, बहुधा गिरणीकामगाराची पत्नी किंवा विधवा, आपल्या खोलींत या मंडळींचें जेवण रांधी. दारावर पाटी नाहीं, मेज नाहीं, खुर्ची नाहीं. भिंतीला पाठ लावून ओळीनें बसावयाचें. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात, आणि ठरलेल्या वारीं मासळी अगर मटण. हिशेब महिन्याचा. कोणी गांवीं गेला किंवा आजारी पडला तर त्या दिवसाचा खाडा धरला जाई.

ही व्यवस्था ऐकावयास गोड वाटते. पण तिचा भार कोणावर पडे तें पाहिलें पाहिजे. जेवणाऱ्याचा पगार महिन्याच्या शेवटीं, आणि वाणी, कोळसेवाला, भाजीवाली यांचें देणें रोजचें. मधले दिवस निभावण्यासाठीं त्या बाईला वाण्याची उधारी किंवा सावकाराचें कर्ज काढावें लागे, आणि तिच्या कष्टाचा मोठा भाग व्याजाच्या रूपानें दुसऱ्याच्या घरीं जाई. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या बायांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिलें आणि त्यांना बँकेचें कर्ज मिळवून दिलें. जिला शहरानें तोंवर धंदा करणारी म्हणून कधीं ओळखलेंच नव्हतें, तिचें नांव बँकेच्या कागदावर चढलें. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरण्या पुन्हां पूर्वीसारख्या चालल्या नाहींत. जेवणारेच गांवोगांव परतल्यावर खाणावळींच्या चुली एकामागून एक विझल्या. मुंबईच्या खाण्यापिण्यावर जाड जाड पुस्तकें निघतात. त्यांत या खोल्यांना सहसा चार ओळींहून अधिक जागा मिळत नाहीं, हा अन्याय आहे.

शिवथरहून मुंबईस जाणाऱ्याची वाट महाडवरून जाते, आणि महाड म्हटलें कीं चवदार तळें आलें. उपाहारगृहांच्या गोष्टींत हें तळें कोठून आलें, असें कोणाला वाटेल. परंतु भारताच्या राज्यघटनेंत हीं दोन्हीं एकाच ठिकाणीं आहेत. पंधराव्या कलमाच्या दुसऱ्या खंडांत म्हटलें आहे कीं धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणानें कोणाहि नागरिकाला दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें आणि हॉटेलें यांत जाण्यास अडथळा करतां येणार नाहीं. आणि त्याच्या लगेच खालीं विहिरी, तळीं, स्नानाचे घाट आणि रस्ते यांचा उल्लेख आहे. ज्या समितीनें हा मसुदा केला तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनींच २० मार्च १९२७ रोजीं हजारों लोकांसह चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें होतें. मुंबईच्या कायदेमंडळानें रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ सालींच मंजूर केला होता, महाडच्या नगरपालिकेनेंहि १९२४ सालीं तळें सर्वांना खुलें केल्याचा ठराव केला होता. पण ठराव कागदावर आणि पाणी तळ्यांत, अशी स्थिति होती. त्या परिषदेस आलेल्या लोकांसाठीं चाळीस रुपयांचें पाणी विकत घ्यावें लागलें. पाणी प्यालेल्यांवर त्याच दिवशीं हल्ला झाला, नगरपालिकेनें आपला ठराव मागें घेतला, आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें.

त्या काळच्या मुंबईंतील पुष्कळ हॉटेलांच्या पाट्यांवर पदार्थांच्या आधीं जात लिहिलेली असे. येथें कोणाच्या हातचें पाणी मिळतें, याची ती जाहिरात होती. ज्याला त्या पाटीखालून आंत जातां येत नसे, त्याला भूक लागली तर त्यानें काय करावें याचा विचार पाटी रंगविणाऱ्यानें केलेला नव्हता. हें आपल्याकडेच होतें असेंहि नाहीं. अमेरिकेंतील ग्रीन्सबरो या गांवीं १ फेब्रुवारी १९६० रोजीं चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानांतील उपाहाराच्या मेजाशीं जाऊन बसले आणि त्यांनीं कॉफी मागितली. ती त्यांना मिळाली नाहीं. ते उठलेहि नाहींत. दुसऱ्या दिवशीं आणखी विद्यार्थी आले, मग आणखी आले, आणि जुलै महिन्यांत त्या दुकानदाराला तें मेज सर्वांना खुलें करावें लागलें.

मुंबईंत असें मेज पुष्कळ आधीं मांडलें तें इराण्यांनीं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभीं यज्द आणि केरमान या प्रांतांतून आलेल्या या लोकांनीं रस्त्यांच्या कोपऱ्यांवरच्या जागा घेतल्या. इतर दुकानदार कोपरा अशुभ मानीत, म्हणून त्या स्वस्त मिळाल्या, असें सांगतात. कोपऱ्याच्या दुकानाला दोन रस्त्यांकडून दारें असतात. त्या दारांतून गोदीकामगार, कारकून, विद्यार्थी, टांगेवाला, ज्याच्याजवळ चहापुरते पैसे असतील तो कोणीहि आंत येई आणि संगमरवरी मेजाशीं बसे. त्याची जात विचारणें इराण्याच्या धर्मांतहि नव्हतें आणि धंद्यांतहि नव्हतें. चहाचे पैसे देणाऱ्यापुढें पाण्याचा पेला आधींच येऊन पडे. महाडहून आलेल्या एखाद्या माणसाला त्या पेल्याची किंमत काय वाटली असेल, याची कल्पना ज्याची त्यानें करावी.

धोबीतलावाजवळचें कयानी हें १९०४ सालचें. लाकूड वांकवून केलेल्या खुर्च्या, उंच छत, ब्रून मस्का आणि पाणी कमी घातलेला कडक चहा. ग्रँट रोड स्टेशनाशेजारचें मेरवान १९१४ सालचें. तेथील मावा केकसाठीं सकाळींच जावें. उशीर करणाऱ्याच्या हातीं रिकामें ताट येतें. बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालीं निघालें. तेथील बेरी पुलावांतलीं आंबट लाल फळें इराणांतून येतात, आणि ही पाककृति बोमन कोहिनूर यांच्या पत्नीनें इराणांतून आणून येथल्या जिभेला मानवेल अशी केली. बोमनशेठ नव्वदी उलटल्यावरहि प्रत्येक मेजाशीं जाऊन गिऱ्हाइकांची चौकशी करीत. ते २०१९ सालीं निवर्तले. इराण्यांचीं हॉटेलें एके काळीं शेंकड्यांनीं होतीं, आतां बोटांवर मोजावींत इतकीं उरलीं आहेत. नवी पिढी दुसऱ्या उद्योगांत गेली, कोपऱ्याच्या जागेला सोन्याचा भाव आला, आणि एका चहावर दोन तास बसणाऱ्या गिऱ्हाइकानें तो भाव कधींच भरून निघण्यासारखा नव्हता. ज्यांना जावयाचें असेल त्यांनीं फार दिवस लांबणीवर टाकूं नये.

माटुंग्यास स्टेशनाजवळ ए. रामा नायक यांचें उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ सालापासून चालूं आहे. दक्षिणेकडून आलेले कारकून आणि विद्यार्थी हे त्याचे मूळचे आश्रयदाते. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम्, भाज्या, पापड, आणि वाढपी पुन्हां पुन्हां विचारीत असतो. मेज आपल्या एकट्याचें नसतें. शेजारीं अनोळखी माणूस बसतो. शिकलेल्या घरांतील मंडळी पुष्कळदां याच कारणानें अशा जागा टाळतात, आणि कुटुंबासाठीं पडदा लावलेली खोली शोधतात. तसें करूं नये. पानावरचें अन्न निम्मेंच पाहण्यासारखें असतें; उरलेलें निम्में त्या ओळींत बसण्यांत आहे.

दादरला मराठी पदार्थांचीं घरें आहेत. आस्वाद हें १९८६ सालीं सुरू झालेलें; तेथील मिसळीला २०१५ सालीं लंडनच्या एका स्पर्धेंत जगांतील सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ असा मान मिळाला. जगांतील सर्व शाकाहारी पदार्थ परीक्षकांनीं केव्हां खाऊन पाहिले, हें विचारूं नये. मिसळ उत्तम आहे. त्याच दादर स्टेशनाबाहेर १९६६ सालीं अशोक वैद्य यांनीं बटाटेवडा पावांत घालून विकावयास आरंभ केला असें सांगितलें जातें. त्याला ना छप्पर ना खुर्ची. पण गाडी गांठावयाच्या घाईंत असलेल्या माणसाचें तेंच उपाहारगृह झालें. मासळी खाणारांना मात्र एक दुःख सोसावें लागतें : गिरगांवांत खोताच्या वाडींत अनंताश्रम होता, तो बंद पडला.

सरतेशेवटीं सर्वांत महाग जागांचा विचार. ताज महाल हॉटेल १९०३ सालचें. त्याच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, तें पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. अलीकडे मान मिळालेलीं उपाहारगृहें मात्र शिवथरच्या माणसाला जवळचीं आहेत, कारण तीं गिरण्यांच्या आवारांत आहेत. २०१६ सालीं निघालेलें मास्क हें महालक्ष्मीजवळ शक्ति मिलच्या गल्लींत, एका जुन्या लोकरीच्या गिरणीच्या जागेंत आहे. २०२३ सालीं आशियांतील उत्तम पन्नास उपाहारगृहांच्या यादींत त्याला सोळावें स्थान मिळालें. लोअर परळच्या कमला मिलमध्यें २०१५ सालीं सुरू झालेल्या जागेचें नांव बॉम्बे कॅन्टीन. कॅन्टीन हा शब्द गिरणीकामगारांच्या तोंडचा. तेथें जेवणारे आतां निराळे आहेत. ज्या नाचणीला शहरांत गरिबाचें धान्य म्हणून नाकें मुरडलीं जात, ती आतां मोठमोठ्या उपाहारगृहांत चिनी मातीच्या बशींतून येते. स्वयंपाक मनापासून केलेला असतो, आणि ऐपत असेल त्यानें एकदां तरी जावें. गिरणीच्या आवारांतलें हें जेवण पूर्वींच्या खाणावळीसारखें महिनाअखेरच्या बोलीवर मिळत नाहीं, जागा कित्येक दिवस आधीं राखून ठेवावी लागते. शिवाय त्याच दिवशीं दुपारीं माटुंग्यास केळीच्या पानावर जेवलेल्या माणसानें रात्रीं तेथें जाण्याचें धाडस करूं नये.