भाग ३१: मीठ पडलं आणि जिवाणू बसले

आज जरा सांडपाण्यात उतरू. नाक धरा, पण ऐका.

शिर्डीजवळच्या एका हॉटेलात मी एसटीपी बघायचो. एकदा शुद्ध झालेल्या पाण्यात अमोनिया अचानक वाढला. मालक म्हणाले, ऑपरेटर रात्री ब्लोअर बंद ठेवतो, त्याला काढून टाका. ते काका आठ वर्षं तिथं होते. मी म्हणालो, साहेब, चार दिवस द्या.

आधी टाकीत काय होतं ते सांगतो. प्लास्टिकच्या छोट्या चकत्या पाण्यात फिरत असतात. त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो, तोच बायोफिल्म. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो. थरातले नायट्रोसोमोनास त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पुढे हवा नसलेल्या टाकीत वेगळे जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात.

आता आपल्याकडचं पाणी. गोदावरी-प्रवरेच्या कालव्याखाली कितीतरी जमीन क्षारपड, बोअरचं पाणी मचूळ. म्हणून हॉटेलवाले सॉफ्टनर लावतात आणि तो मिठाच्या पाण्याने धुतात. इथं एका धुण्याला ५० किलो मीठ लागायचं. ते पाणी जायचं कुठं? थेट एसटीपीत! टाकी १० हजार लिटरची. म्हणजे लिटरमागे ५ ग्रॅम मीठ, एका झटक्यात. टीडीएस मीटर बुडवला आणि कोडं सुटलं.

काकडीवर मीठ टाकलं की पाणी सुटतं ना? जिवाणूचंही तसंच होतं. थरातला चिकट पदार्थ थोडं वाचवतो, पण नायट्रिफिकेशन करणारे मुळातच सावकाश वाढतात. मेले की भरून यायला आठवडे लागतात.

गंमत म्हणजे हाँगकाँगमध्ये १९५० च्या दशकापासून संडासात समुद्राचं पाणी वापरतात. तरी तिथल्या खारट सांडपाण्यातून जिवाणू नायट्रोजन काढतात. कारण मीठ रोजचंच असतं, सवय झालेली. आमच्याकडे आज खारं, उद्या गोडं. गोडं पाणी अचानक आलं तरी पेशींना धक्काच बसतो.

सॉफ्टनरची लाइन तोडून आम्ही मिठाचं पाणी ताडपत्री अंथरलेल्या उथळ हौदात सोडलं, उन्हात वाळायला. महिनाभराने अमोनिया उतरला. काका अजून तिथंच आहेत. मालकांनी माफी मागितली नाही. ब्लोअर मात्र नवा घेऊन दिला.