रजोनिवृत्ती आणि मनःस्वास्थ्य
(वाघोली येथील वार्षिक स्नेहसंमेलनाच्या महिला-विभागात केलेले भाषण)



आताच ह्या व्यासपीठावर आपल्या ज्ञातीतील सेवानिवृत्त बांधवांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. तो उचितच होता. परंतु त्यांच्याच घरात, बहुधा काही वर्षे आधी, आणखी एक निवृत्ती होऊन गेलेली असते. तिची तारीख कोणी विचारीत नाही आणि त्या निवृत्तीनंतर कामही कमी होत नाही. त्या निवृत्तीविषयी मी आज बोलणार आहे.

हा विषय चारचौघांत काढावा काय, असा संकोच काही भगिनींना वाटेल. परंतु र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून स्त्रीपुरुषांच्या शरीराविषयी मराठीत उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटलेही सोसले. इतक्या वर्षांनंतर आपण निदान आपसांत तरी बोलावयास हरकत नसावी.

प्रथम माझा अनुभव सांगते. मला सत्तेचाळिसावे वर्ष लागले होते. रात्री दोनला जाग येई, अंगातून वाफा निघत आणि पहाटेपर्यंत डोळा लागत नसे. होळीच्या दिवशी पुरण थोडे सैल झाले, एवढ्या कारणावरून मी मुलीला पाहुण्यांदेखत नको ते बोलले आणि नंतर आतल्या खोलीत जाऊन रडत बसले. आपला स्वभावच बिघडला, अशी माझी खात्री झाली होती. तेव्हा माझ्या वृद्ध सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “मलाही असेच झाले होते गं. पण सांगायचे कोणाला?” इतकी वर्षे एका घरात राहून हे वाक्य मी त्या दिवशी प्रथम ऐकले.

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. आपल्याकडे ती साधारणतः पंचेचाळीस ते पन्नास ह्या वयात येते. तत्पूर्वीची काही वर्षे मात्र अधिक त्रासाची असतात. बीजकोशांतून निर्माण होणाऱ्या इस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाचे प्रमाण त्या काळात कमीजास्त होत राहते आणि त्याचा परिणाम शरीराच्या तापमानावर, झोपेवर व मनावर होतो. नेमक्या ह्याच वर्षांत मुलांच्या परीक्षा, लग्ने आणि वडीलधाऱ्यांची आजारपणे येतात. म्हणून ह्या चिडचिडीस केवळ शरीर कारण नाही व केवळ स्वभावही नाही. ओझे दोन्हीकडून येते आणि उपायही दोन्हीकडून करावे लागतात.

पूर्वी विटाळाच्या नावाखाली स्त्रीला चार दिवस बाजूला बसवीत. ती रूढी अन्यायाचीच होती. परंतु त्या चार दिवसांत पाठ टेकण्यास मिळे, असे आपल्या आज्या सांगत. आज वाघोलीच्या उंच इमारतींत एकटी घर सांभाळणाऱ्या, टँकरची वाट पाहणाऱ्या आणि नगर रस्त्यावरच्या गर्दीतून उशिरा परतणाऱ्या माणसांसाठी ताटे वाढणाऱ्या गृहिणीला तेवढीही उसंत नाही.

आता उपाय. रोज अर्धा तास चालावे. वाघेश्वराच्या देवळापर्यंत मैत्रिणीसह गेलात तर मनही मोकळे होईल. दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी. नाचणी, तीळ, दूध, डाळी आहारात असाव्यात, कारण ह्या वयात हाडे झिजू लागतात. रक्तातील लोह आणि थायरॉइड तपासून घ्यावे, कारण त्यांच्या विकारांतही असाच थकवा येतो. वाफांचा त्रास असह्य असेल तर संप्रेरक-उपचार आहेत. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर त्यांची फार धास्ती पसरली होती. पुढील फेरविचारात असे दिसले की, साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, योग्य स्त्रीला दिल्यास बहुधा धोक्याहून लाभ अधिक असतो. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेलेल्यांना ते सहसा देत नाहीत. म्हणून निर्णय तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच घ्यावा. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर मात्र एक दिवसही दवडू नये.

“पिशवी काढून टाका म्हणजे कटकट संपली,” हा सल्ला मात्र सहज मानू नका. २०१९ साली हा प्रश्न विधिमंडळात आला, तेव्हा बीड जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचे सरकारने सांगितले आणि चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले, तर जी निवृत्ती सावकाश यावयाची ती एका दिवसात येते व त्रास अधिकच वाढतो. काही विकारांत ही शस्त्रक्रिया आवश्यक असते. परंतु दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्यावाचून होकार देऊ नये.

उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते दुबळेपण समजू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ ह्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

शेवटी बंधूंना एक विनंती. तुम्हांला मिळालेली शाल आम्हांला नको. आमच्या अंगात आधीच पुरेशी ऊब आहे! रात्रीची भांडी तुम्ही आवरा, सकाळचा चहा तुम्ही करा आणि ती रागावली तर “हिला काय झाले?” असे दुसऱ्यांना विचारण्याऐवजी तिलाच विचारा. आणि भगिनींनो, आपल्या लेकीसुनांना हे आधीच सांगून ठेवा. माझ्या सासूबाईंचे वाक्य मला उशिरा ऐकावयास मिळाले. त्यांना ते वेळेवर मिळावे.