‘सिग्नल पडला’ : एका शब्दप्रयोगामागील यंत्रणा

‘सिग्नल पडला’ म्हणजे गाडी येत आहे, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. मात्र पडत काय असे, याचा विचार सहसा होत नाही. पडत असे तो उंच खांबावरचा हात. निजामाच्या रेल्वेने विकाराबादहून बीदर-उदगीरमार्गे परळी वैजनाथकडे लोहमार्ग नेला, त्या काळी रेल्वे चालकाशी बोलत असे ती याच हाताच्या खुणेने.

या कल्पनेचा उगम फ्रान्समधला. क्लोद शाप यांनी १७९४ साली मनोऱ्यांवरील हलत्या हातांच्या साह्याने पॅरिस-लील मार्गावर संदेशवहन सुरू केले. पुढे हीच युक्ती रेल्वेने स्वीकारली.

हात आडवा असेल तर ‘थांबा’ आणि खाली झुकला तर ‘पुढे जा’, एवढीच त्याची भाषा. येणाऱ्या गाडीला प्रथम आऊटर, मग होम आणि निघताना स्टार्टर भेटे. रात्री हाताच्या मागील टोकाची रंगीत काच रॉकेलच्या दिव्यापुढे येई. ज्योत पिवळी असल्याने हिरव्या प्रकाशासाठी काच निळसर घेत.

स्थानकावरील लिव्हर ओढला की कप्प्यांवरून गेलेली लांब तार ताणली जाई व हात झुके. कडक उन्हात तार लांबे आणि हात पुरता पडत नसे. म्हणून तिचा ताण वरचेवर जुळवावा लागे. पण तारच तुटली तर? खरी बुद्धिमत्ता येथे आहे. तार तुटताच वजनाच्या भाराने हात आपोआप आडवा होई. यंत्र बिघडले तरी ते ‘थांबा’ असेच सांगे. गाडीला उशीर होई, पण प्रवाशांचे प्राण वाचत.

माणसाच्या चुकीचाही विचार झाला होता. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली सांधे व सिग्नल एकमेकांशी जखडण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. अशा रचनेत सांधा योग्य मार्गाला लागल्याखेरीज सिग्नलचा लिव्हर हलतच नाही. घाईत असलेल्या कर्मचाऱ्यालाही खोटे आश्वासन देता येत नाही.

बीदर-कलबुर्गी मार्ग २९ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाला, तोवर रंगीत दिव्यांचे युग आले होते. हात गेला, ‘शंका असेल तेथे थांबा’ हा त्याचा नियम मात्र दिव्यांनीही पाळला आहे, आणि ‘सिग्नल पडला’ हे शब्द मराठीने जपले आहेत.