तौबा आणि सबब



दिवाळीच्या तोंडावर एसटी स्टँडवर 'तोबा गर्दी' उसळल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. काही वाईट कानावर आलं की घरातली म्हातारी माणसं कानाच्या पाळ्यांना हात लावून 'तोबा, तोबा' म्हणतात. हा तोबा मूळचा अरबी 'तौबा'. आपल्याकडे येईपर्यंत तो बराच झिजला. मूळ धातूचा अर्थ अगदी साधा आहे: परत फिरणं. वाट चुकलेला माणूस जिथून चुकला तिथं परत येतो, ती तौबा. कानाच्या पाळ्यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

अरबीतूनच आलेला आणखी एक शब्द म्हणजे 'सबब'. तिकडे त्याचा अर्थ नुसतं कारण. आपल्या कचेरीच्या मराठीत तो 'म्हणून' या अर्थी येतो, 'सबब हा दस्त लिहून दिला असे'. आणि बोलण्यात सबब म्हणजे न केलेल्या कामासाठी पुढे केलेलं कारण. या दोन्ही सबबी माझ्या आयुष्यात एकाच कागदाभोवती गोळा झाल्या. त्या कागदाचं पुढे सांगतो.

इस्लाममध्ये तौबेला मध्यस्थ लागत नाही. कुणा मौलवीपुढे कबुली द्यावी लागत नाही, ठरलेला दिवस नाही, दक्षिणा नाही. तेराव्या शतकातल्या इमाम नववी यांनी 'रियाजुस्सालिहीन' या हदीस-संग्रहात तौबेच्या अटी दिल्या आहेत. केलेलं चुकीचं काम त्या क्षणी सोडायचं, त्याची मनापासून खंत वाटली पाहिजे आणि पुन्हा तिकडे न वळण्याचा निश्चय पाहिजे. चूक अल्लाहच्या बाबतीत असेल तर इतकं पुरतं. पण ती दुसऱ्या माणसाच्या हक्काबाबत असेल, तर चौथी अट येते. ज्याचं घेतलं त्याला ते परत करायचं, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची. याला 'हक्कुल इबाद' म्हणतात, म्हणजे माणसांचे हक्क. एक हदीस तर सांगते की शहीदाला सगळं माफ होतं, कर्ज सोडून. कुरआनाच्या सहासष्टाव्या सूरेत खऱ्या तौबेला 'नसूह' असं विशेषण आहे. नसूह म्हणजे निखळ, प्रामाणिक. याच धातूत शिवण्याचाही अर्थ आहे. शिंप्याच्या गल्लीत वाढल्यामुळे मला तो दुसरा अर्थ अधिक आवडतो. फाटलं असेल तिथं टाका घालावा लागतो, नुसतं हळहळून कापड सांधत नाही.

हे सगळं आम्हाला लहानपणापासून ठाऊक असतं. मग तौबा लांबते का? कारण आपल्याकडे सबबी असतात, आणि त्यातल्या काही दिसायला मोठ्या धार्मिक असतात. अल्लाह दयाळू आहे, तो माफ करेलच, ही त्यातली सगळ्यात गोड सबब. दयेवर भरवसा ठेवणं चांगलंच. पण त्या भरवशावर चूक चालू ठेवणं म्हणजे दुकानदार सज्जन आहे म्हणून उधारी थकवत राहणं. दुसरी सबब नेमकी उलटी: माझी पापं इतकी की आता माफी कसली? ही नम्रता वाटते, पण हाही टाळण्याचाच मार्ग. नव्व्याण्णव खून केलेला एक माणूस वाट विचारत निघाला, अशी हदीस आहे. ज्यानं त्याला तुला आशा नाही म्हणून सांगितलं, त्यालाही मारून त्यानं शंभर पुरे केले. तरी पुढे त्याला कुणी तरी वाट दाखवली आणि चांगल्या माणसांच्या गावी जाताना तो रस्त्यातच मेला, तेव्हा त्याचा हिशेब त्या गावाच्या बाजूनं झाला. तिसरी सबब हजची. एकदा हजला जाऊन आलो की सगळं धुऊन निघेल, मग सुधारू. माणसांची देणी मात्र हजनं फिटत नाहीत, हे जाणकार आलिम आवर्जून सांगतात. ऐकणारे मात्र नेमकं तेवढंच विसरतात.

आणि सगळ्यात जुनी सबब म्हणजे उद्या. कुरआनाच्या चौथ्या सूरेत याबद्दल स्पष्ट सांगितलं आहे. अजाणतेपणी चूक करून लवकर मागे फिरणाऱ्याची तौबा कबूल आहे, पण आयुष्यभर वाईट करत राहून मरण समोर दिसल्यावर तौबा म्हणणाऱ्याची नाही. समुद्रात बुडताना ईमान कबूल करणाऱ्या फिरऔनचं उदाहरण कुरआनातच आहे. मेख अशी की मरण केव्हा समोर येणार हे आपल्याला कळवून येत नाही.

या 'उद्या'ची मला ठाऊक असलेली सर्वांत प्रामाणिक गोष्ट हजरत काब बिन मालिक यांची आहे. ते मदिनेचे, पैगंबरांचे सोबती, आणि कवी. मीही चार ओळी लिहितो, म्हणून कदाचित त्यांच्याकडे माझं लक्ष अधिक गेलं. पुढे म्हातारपणी काब यांची दृष्टी गेली. त्यांचा मुलगा अब्दुल्लाह त्यांना हात धरून नेत असे. त्या मुलाला त्यांनी ही हकीकत स्वतः सांगितली आणि ती बुखारींच्या संग्रहात आली आहे. स्वतःची बाजू सावरून घेण्याची पुरेपूर संधी असताना त्यांनी ती घेतली नाही.

हिजरी सन 9, म्हणजे इसवी सन 630. रूमी सैन्याच्या बातम्या आल्या म्हणून पैगंबरांनी उत्तरेला तबूककडे कूच करायचं ठरवलं. उन्हाळा कडक, प्रवास लांबचा. मदिनेत मात्र फळं पिकलेली आणि सावली हवीहवीशी. काब सांगतात की त्यांची परिस्थिती तेव्हा कधी नव्हती इतकी चांगली होती, दारात एकदम दोन उंटिणी कधी नव्हत्या, त्या होत्या. रोज सकाळी ते तयारीसाठी घराबाहेर पडत आणि काहीच न करता घरी येत. मनाशी म्हणत, मनात आणलं तर केव्हाही होईल. असे दिवस गेले. सैन्य निघालं. तरीही त्यांना वाटत होतं, दोन दिवसांनी निघून गाठता येईल. तेही झालं नाही. मग मदिनेत फिरताना त्यांना दिसू लागलं की मागे राहिलेल्यांत एक तर ढोंगी म्हणून ओळखले जाणारे लोक आहेत, नाही तर म्हातारे आणि दुबळे. आपण यांतल्या कुणात बसतो, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला.

सैन्य परतलं. पैगंबर मशिदीत नमाज पढून बसले. ऐंशीहून अधिक लोक एकेक करून आले, शपथा घेऊन सबबी सांगत गेले. पैगंबरांनी वरवरचं बोलणं मान्य केलं आणि आतलं अल्लाहवर सोपवलं. मग काब आले. त्यांनी आधी मनात एक सबब रचून ठेवली होती, घरातल्या शहाण्या माणसांचा सल्लाही घेतला होता. पण समोर बसल्यावर त्यांनी सांगितलं ते असं: मला वाक्‌चातुर्य मिळालेलं आहे, दुसऱ्या कुणापुढे असतो तर बोलून सुटलो असतो, पण खरं हे की माझ्याकडे कारण नव्हतं.

श्रोतेहो, कवीनं हे कबूल करणं किती अवघड असतं, ते मला विचारा. शब्द हाताशी असणाऱ्या माणसाला सबब शोधावी लागत नाही. ती आपोआप सुंदर होऊन येते.

बाहेर पडल्यावर त्यांच्याच कबिल्याचे लोक त्यांना बोल लावू लागले की बाकीच्यांसारखं काही तरी सांगितलं असतं तर भागलं असतं. त्यांचा रेटा इतका की परत जाऊन आपलं बोलणं खोटं होतं म्हणून सांगावं, असंही काब यांच्या मनात आलं. त्यांनी एवढंच विचारलं, असं खरं बोलणारं आणखी कुणी आहे का? दोघे होते, मुरारा बिन रबीअ आणि हिलाल बिन उमय्या. मग या तिघांशी कुणी बोलायचं नाही, असा हुकूम झाला. पन्नास रात्री तो चालला. काब बाजारात जात, मशिदीत जात, सलाम करत आणि उत्तर आलं का म्हणून पैगंबरांच्या ओठांकडे बघत राहत. एकदा जिवलग चुलतभाऊ अबू कतादा यांच्या बागेची भिंत चढून ते आत गेले. सलामाला उत्तर नाही. तीन वेळा विचारल्यावर भाऊ एवढंच म्हणाला की अल्लाह आणि त्याचा रसूल जाणे. काब यांचे डोळे भरून आले आणि ते पुन्हा भिंत चढून बाहेर आले. दरम्यान गस्सानच्या राजाचं पत्र आलं: तुमच्या माणसानं तुम्हाला दूर लोटलं, आमच्याकडे या. काब यांनी ते पत्र तंदूरमध्ये टाकलं.

पन्नासाव्या पहाटे नमाज पढून ते घराच्या छतावर बसले होते. सल नावाच्या टेकडीवरून कुणी तरी ओरडून खुशखबर दिली. काब सजद्यात गेले. बातमी घेऊन आलेल्याला त्यांनी अंगावरचे दोन्ही कपडे काढून दिले आणि स्वतः मागून आणलेले कपडे घालून मशिदीत गेले. नवव्या सूरेत या तिघांचा उल्लेख आहे. तिथली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अल्लाह त्यांच्याकडे वळला, यासाठी की त्यांनी वळावं, असा तिथला आशय आहे आणि दोन्ही वळण्यांना क्रियापद एकच आहे, तौबेचं. त्या सूरेचं नावच 'तौबा'.

आता त्या कागदाचं.

1996 मध्ये आमचे अब्बा वारले. अम्मी आधीच गेल्या होत्या. मागे आम्ही दोघे भाऊ, एक बहीण आणि पाच एकर जिरायत जमीन. शरीयतचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल असा: भावांना दोन-दोन एकर, बहिणीला एक. पण गावाची रीत वेगळी, आणि या बाबतीत गावातले हिंदू-मुसलमान एकाच रीतीचे. आपाला बोलावलं, साडी घेतली, मटणाचं जेवण केलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. त्यात ते 'सबब' होतंच. मी बी.ए. झालेला, घरात शिकलेला, म्हणून मजकूर मीच वाचून दाखवला. आपानं काही विचारलं नाही. अडीच एकर भाईजानचे झाले, अडीच माझे.

ते चुकलं हे मला त्याच रात्री कळत होतं. मग माझ्या सबबी सुरू झाल्या. नोकरी कायम होऊ दे. मुलीचं लग्न होऊ दे. तिनं कुठं मागितलं आहे? आणि सगळ्यात भक्कम: भाईजाननं त्यांचे वीस गुंठे दिले की मी माझे देईन. सांगायला लाज वाटते, पण 2004 मध्ये मी आपावर एक कविता लिहिली. ती दिवाळी अंकात आली. कविसंमेलनात वाचली की लोक डोळे पुसत. आपानं ते कात्रण कुरआनाच्या गिलाफात ठेवलं होतं. कविता छापून आली, वीस गुंठे माझ्याच नावावर राहिले.

2022 च्या रमजानमध्ये एका रात्री काब यांची हकीकत पुन्हा वाचत होतो. आधी अनेकदा वाचली होती, पण नेहमी त्या पन्नासाव्या पहाटेसाठी. या वेळी मी त्या सकाळच्या ओळींपाशीच अडलो, रोज बाहेर पडून काही न करता घरी येण्यापाशी. माझ्या अशा सकाळी सव्वीस वर्षं चालल्या होत्या. ईदची वाट पाहावी, असं तेव्हाही एकदा मनात आलं.

दुसऱ्या दिवशी आपाच्या गावी गेलो. इफ्तारची तयारी चालली होती. ती भजी तळत होती. मी जमिनीचं बोललो. नोकरी, लग्न, भाईजान, यांतलं काही बोलायचं नाही, हे वाटेत ठरवून घेतलं होतं. तुझं होतं, मी घेतलं, एवढंच म्हणालो. तिनं कढई उतरवली. दूल्हाभाईंचं ऑपरेशन 2009 मध्ये झालं, तेव्हा तिनं पाटल्या विकल्या होत्या. मला ते माहीत होतं. मी दवाखान्यात फळं घेऊन गेलो होतो. ती म्हणाली, जमीन तेव्हा पाहिजे होती. मग अजान झाली, तिनं खजूर पुढे केला आणि आम्ही रोजा सोडला. माफ केलं, असं ती म्हणाली नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. काब पन्नास रात्री थांबले होते.

त्याच वर्षी बक्षीसपत्राची नोंदणी झाली, फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आपाचं नाव लागलं. निबंधक कार्यालयातल्या कारकुनानं मला विचारलं, बहिणीला जमीन? काही भांडण होतं का? भाईजान त्या दिवसापासून माझ्याशी कमी बोलतात. त्यांचे वीस गुंठे त्यांच्याकडेच आहेत. त्यांना उपदेश करायला गेलो नाही. मला तो अधिकार सव्वीस वर्षांपूर्वी असता तर असता.

आपानं त्या तुकड्यात ज्वारी केली. पहिल्या वर्षी हुरड्याला तिनं मला बोलावलं नाही. दुसऱ्या वर्षी भाच्याकरवी पिशवीभर हुरडा पाठवला, सोबत चटणीची पुडी. पिशवीत आणखी काही आहे का म्हणून मी ती उलटी करून पाहिली.