मोजणीत न मावणारे शहर

लोकसंख्या आणि दैनंदिन नागरी जीवन या विषयावरील परिषद महानगरात न भरता, 2011 च्या जनगणनेनुसार सुमारे 76 हजार वस्तीच्या रत्नागिरी या किनारी शहरात भरत आहे, हे परिषदेच्या स्वागत समितीला विशेष उचित वाटते. कारण शहरात राहणारी माणसे आणि शहराची माणसे हे दोन निराळे समूह असू शकतात, ही गोष्ट रत्नागिरीइतकी स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसते.

2001 ते 2011 या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली. जिल्हा असा ओसरत असताना जिल्ह्याचे ठाणे असलेले हे शहर मात्र वाढले. शिक्षण, दवाखाना आणि कचेरी यांच्या ओढीने खेड्यातील कुटुंबे येथे येतात, आणि त्यांचीच तरुण पिढी पुढे मुंबईकडे किंवा आखाती देशांकडे निघते. म्हणजे हे शहर पुष्कळांच्या बाबतीत मुक्काम नसून टप्पा ठरते.

याच संदर्भात जिल्ह्याच्या लिंगगुणोत्तराचा, म्हणजे दर हजार पुरुषांमागे असलेल्या स्त्रियांच्या संख्येचा, विचार व्हावा. 2011 मध्ये हे प्रमाण 1122 होते, राज्यात सर्वाधिक, आणि त्याचा उल्लेख अनेकदा गौरवाने होतो. परंतु सहा वर्षांपर्यंतच्या बालकांत तेच प्रमाण 936 होते, म्हणजे जन्माला येणाऱ्या मुलींचे प्रमाण अधिक नाही. मोठा आकडा मुख्यतः बाहेरगावी गेलेल्या पुरुषांच्या अनुपस्थितीचा आहे; घर, शेती, बाग, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी आणि बँकेतील कामे एकटीने ओढणाऱ्या बाईच्या श्रमांचा तो हिशेब आहे, आणि त्याला गौरव म्हणून थांबणे हा त्या बाईवर अन्याय आहे.

गेलेल्यांची जागा रिकामी राहत नाही. मिरकरवाडा बंदरातील अनेक नौकांवर खलाशी म्हणून आणि हापूसच्या बागांत राखणदार म्हणून नेपाळमधून आलेले पुरुष काम करतात; 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात बंदर शांत होते, त्यांतील बहुतेक खलाशी गावी जातात, आणि त्यांच्यावर चालणारी दुकाने, खाणावळी व भाड्याच्या खोल्याही मंदावतात. बाहेरून आलेल्यांना सामावून घेणे या शहराला नवे नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा 1886 पासून 1916 मध्ये मृत्यू येईपर्यंत येथेच नजरकैदेत होता. मात्र राजाच्या वाड्याची निगा राखणाऱ्या शहरात खलाशाच्या आजारपणाची, निवाऱ्याची आणि त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी कोणाच्या कामाचा भाग आहे, हे अजून ठरलेले नाही.

मोजणीचा काळही येथे महत्त्वाचा ठरतो. 2011 ची प्रगणना, म्हणजे घरोघरी जाऊन केलेली माणसांची नोंद, 9 ते 28 फेब्रुवारीदरम्यान झाली. शिमगा त्या वर्षी मार्चमध्ये आला, गणपती तर सप्टेंबरमध्ये. त्यामुळे चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरीधंदा करून सणासुदीला गावी परतणारा कोकणी माणूस, नोंदीत मुंबईचाच राहिला. ते योग्यही आहे. परंतु मे महिन्यात, पाऊस पडण्याआधी पाण्याची जेव्हा सर्वाधिक ओढ असते, तेव्हाच तो सहकुटुंब येथे येतो, आणि पाणी, कचरा, एसटी व रुग्णालय यांचे नियोजन मात्र फेब्रुवारीच्या शिरगणतीवर होते. 2021 ची जनगणना वेळेवर न झाल्याने तो आधारही जुना झाला आहे.

प्रतिनिधींनी सभागृहातील चर्चेबरोबर पहाटे मिरकरवाड्याचा लिलाव पाहावा, मासे विकत घेऊन टोपली डोक्यावर घेणाऱ्या बायकांशी आणि नौकेवरच्या खलाशांशी बोलावे, अशी समितीची विनंती आहे. त्याचबरोबर, किनारी शहरांची लोकसंख्या वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्यात आणि मे महिन्यात, नमुना पाहणीने मोजली जावी आणि नगरपरिषदेच्या नियोजनात ती ग्राह्य धरली जावी, असा ठराव परिषदेने समारोपाच्या सत्रात संमत करावा, असे आग्रहाचे आवाहन स्वागत समिती करीत आहे.