आमचं शेत कुणीच घेतलं नाही

(या भागाचं लेखी रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी.)

लोकलमध्ये असाल तर दारात उभं राहून ऐकू नका, आत या.

आजची गोष्ट एका रीलपासून सुरू होते. जेवणं झाल्यावर मी आजीच्या बाजूला मोबाईल घेऊन पडले होते. इंडोनेशियातलं, जावा बेटावरचं कुठलंतरी छोटं गाव. समुद्र कुठेच नाही, नुसता डोंगर आणि भाताच्या पायऱ्या-पायऱ्यांची शेतं. चिखलात दहा-बारा माणसं रांगेत वाकून लावणी करतायत. खाली कमेंटमध्ये सगळे ‘स्वर्ग, स्वर्ग’ करत होते. मी आजीला दाखवलं.

माझी आजी नव्वदीला टेकलीय. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण नजर पक्की. तिनं मोबाईल नाकाशी धरला आणि म्हणाली, “बांध बघ कसा ताठ हाय. कोन कोन येतंय गो यांच्या बांधावर?”

मला प्रश्नच कळला नाही. स्वर्ग राहिला बाजूला, ही बांध बघतेय! पण या एका प्रश्नामुळे पुढे आमच्या घरात जे झालं, ते आज सांगायचंय.

आधी, मी कुठून बोलतेय? माहुलमधून. चेंबूरच्या पलीकडचं, खाडीकाठचं गाव. माहुल गुगल केलंत तर काय येतं, मला माहितीय. हवा. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाचा निकाल आला, तो गावातल्याच रहिवाशांनी केलेल्या अर्जावर. मग तानसा जलवाहिनीच्या बाजूची घरं तुटली, त्या लोकांना इथल्या पुनर्वसन इमारतींमध्ये आणलं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला त्यात पडावं लागलं. हे सगळं खरं आहे आणि महत्त्वाचंही आहे. पण त्यामुळे होतं काय, की माहुल म्हटलं की लोकांना इमारती आणि चिमण्या दिसतात. इथे शेती होती, हे सांगितलं की समोरचा हसतो.

होती. भाताची होती. आमचं घर आगऱ्यांचं. शेजारी कोळीवाडा. कोळ्यांची खाडी, आगऱ्यांचं शेत आणि मीठागर, अशी ढोबळ वाटणी. आणि ‘ढोबळ’ अशासाठी म्हणते, की निवटी आणि चिंबोऱ्या धरायला सगळेच चिखलात उतरायचे.

पण खाडीकाठी भात पिकतो कसा? खारं पाणी शिरलं तर रोप जळतं. तर आजीकडून जे कळलं ते असं. खाडीच्या बाजूनं मातीचा मोठा बांध घालायचा. भरतीचं पाणी त्याच्या बाहेर. बांधाला एके ठिकाणी लाकडी झडप, तिला म्हणतात उघाडी. भरती आली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. वीज नाही, पंप नाही, माणूस बसवायला नको. चंद्राच्या हिशेबानं दिवसातून दोनदा दार उघडतं आणि दोनदा बंद होतं.

मग पावसाळा येतो. पाऊस जमिनीच्या वरच्या थरातलं मीठ धुऊन काढतो. ते पाणी उघाडीतून बाहेर जातं. तेवढ्या तीन-चार महिन्यांच्या फटीत भात काढून घ्यायचा. कारण उन्हाळ्यात ऊन पाणी वर ओढतं, त्याच्याबरोबर मीठ वर येतं आणि शेतावर पांढरा पापुद्रा धरतो. भातही त्या जमिनीला सोसेल असाच. कोकणात काळा राता, भुरा राता अशी खारं सोसणारी जुनी वाणं आहेत. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानं पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण काढले. बी आधी भिजवून मोड आणायचे आणि चिखलात फेकायचं, याला रहू म्हणतात. लावणीच्या सुंदर रांगा आमच्याकडे नव्हत्याच. रील केलं असतं तर कुणी लाईक केलं नसतं!

आता मुद्द्याकडे येते. शेतं वेगवेगळ्या घरांची होती, पण बांध एकच. म्हणजे माझ्या शेतासमोरचा बांध मी कितीही चांगला ठेवला आणि तुमच्या शेतासमोर खांड पडली, तर पाणी तुमच्या शेतातून माझ्या शेतात येणारच. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला ही भीती सगळ्यात जास्त. म्हणून पावसाळ्याआधी घरटी माणूस बांधावर जायचा. आणि रात्रीबेरात्री खांड पडली की हाक जायची. त्या हाकेला न गेलेल्या घराचं नाव आजीला अजून आठवतं. (मी सांगणार नाही, ते लोक माझा पॉडकास्ट ऐकतात.)

१९४८ साली त्यावेळच्या मुंबई सरकारनं खार जमिनींसाठी वेगळा कायदाच केला. म्हणजे हे एकट्यादुकट्याचं काम नाही, हे सरकारलाही कळत होतं. इंडोनेशियात अशा मिळून करायच्या कामाला ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. बालीमध्ये शेताचं पाणी वाटून घेणारे शेतकऱ्यांचे गट आहेत, त्याला ‘सुबक’ म्हणतात. २०१२ मध्ये युनेस्कोनं ती सगळी व्यवस्था जागतिक वारशात घेतली. आमच्याकडे त्याला काहीच भारी नाव नव्हतं. ‘बांधावर जायचंय’ एवढंच म्हणायचे.

मग ही शेती गेली कुठे? मी लहानपणापासून एकच उत्तर गृहीत धरलं होतं, कारखान्यांनी घेतली. तुर्भे बेटावर, म्हणजे ट्रॉम्बेला, १९५४ मध्ये एक तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९५५ मध्ये दुसरा. १९५६ मध्ये वीजकेंद्र आलं. त्याच वर्षी पलीकडे अप्सरा अणुभट्टी सुरू झाली. दोन-तीन वर्षांत आजूबाजूचं सगळंच बदललं. कितीतरी लोकांच्या जमिनी संपादनात गेल्या, हे खरंच आहे.

पण आमची नाही गेली. हे मला त्या रीलच्या रात्री पहिल्यांदा कळलं. आमचं ६२ गुंठ्यांचं शेत कुणीच घेतलं नाही. ते बुडालं.

झालं असं, की काहींची जमीन संपादनात गेली, त्यांना बांधाशी कारण उरलं नाही. काहींना नोकरी लागली. महिन्याला पगार यायला लागल्यावर चिखल उपसायला कोण जाईल? माझे आजोबासुद्धा गोदीत लागले. म्हणजे आम्हीही त्यातलेच, बरं का. मी कुणाला दोष देत नाहीये. पगार नियमित होता, पोटभर होता. १९६१ साली, माझे मोठे काका जन्मले त्या वर्षी, एका उधाणाला खांड पडली. हाक गेली. आजी म्हणते, पूर्वी तीस माणसं यायची, त्या रात्री पाच आली. पाच माणसांना खांड बुजत नाही. खारं पाणी शिरलं, त्या वर्षीचं भात गेलं. जमीन पुन्हा गोडी व्हायला दोन-तीन पावसाळे तरी धुवावी लागते. ती धुवायला बांध लागतो. बांधाला माणसं लागतात.

मग शेतात तिवरं उगवली. आज तिथे खारफुटीचं जंगल आहे.

इथपर्यंत ही जुनी गोष्ट झाली. पण मी हे आत्ता का सांगतेय? कारण गेल्या वर्षी एक एजंट आमच्या घरी आला. त्याच्या हातात आमच्या त्या शेताचा सातबारा होता. आम्ही कधी बघितलाही नव्हता! त्यावर नाव कुणाचं, तर माझ्या पणजोबांचं. ते वारले १९७१ मध्ये. नंतर कुणी वारस नोंद केलीच नाही. पाण्याखालच्या शेताची नोंद करायला कोण जाणार? एजंट म्हणाला, कुलमुखत्यारपत्रावर सह्या द्या, लगेच रोख देतो, पुढचं मी बघतो.

मोठे काका तयार होते. आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं. त्यांच्या नातवाला दम्याचा त्रास आहे. त्यांना उलव्याला घर बघायचंय. त्यांना पैसा हवा होता तो हौसेसाठी नाही. त्यात, आजोबांची बहीण आहे, उरणला दिलेली. आम्ही तिला आत्याच म्हणतो. काकांचं म्हणणं, तिच्याकडून हक्कसोड घेऊन टाकू, म्हणजे सह्या कमी लागतील.

मी अडून बसले. मी काही वकील नाही, पण मोबाईल सगळ्यांकडे असतो ना! वाचलं, एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. कळलं ते साधं होतं. एक, २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खारफुटी तोडायला आणि तिच्या ५० मीटरच्या आत बांधकाम करायला मनाई केली. मग पाण्यातल्या जमिनीचे आज रोख पैसे कोण आणि कशाला देतंय, हा प्रश्न विचारायलाच हवा. दोन, कुलमुखत्यारपत्र म्हणजे नुसती सही नाही, आपल्या वतीनं वागायचा अधिकार. तीन, मुलीचा वाटा हा कुणाचा उपकार नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच तिला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिलाय. २००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीत ती मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार झाली.

रविवारी सगळे जमलो. आत्या उरणहून आली. काका तिला समजावत होते, “आत्या, तुला काय करायचंय त्या चिखलाचं?” आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पाटीनं माती मी पन टाकलीय त्या बांधाला. भाऊ शाळंत जायचे, मी बांधावर जायची. पैसं नको मना. नाव लाव.”

घरात कुणी काही बोललं नाही. आजीनं तिच्या ताटात आणखी एक तांदळाची भाकरी वाढली. बस.

मग आम्ही वारस नोंदीच्या मागे लागलो. मृत्यूचे दाखले शोधले. एक दाखला मिळेपर्यंत चार महिने गेले. वारसांची यादी केली तर १९ नावं निघाली. माहुल, उरण, पनवेल, एक जण थेट दुबईत. प्रत्येकाला फोन, प्रत्येकाचं आधार, प्रत्येकाचं रुसणं. तलाठ्याकडे अर्ज, मग नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. त्या सगळ्या धावपळीत मला एकदा हसू आलं. एकोणीस माणसं एका कामाला गोळा करणं! आजी याच्याबद्दलच विचारत होती, कोण कोण येतंय.

काका दोन महिने माझ्याशी बोलत नव्हते. उलव्याचं घर अजून झालेलं नाही. ती गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही, खरं सांगते. मी बरोबर होते म्हणून त्यांच्या नातवाचा खोकला थांबत नाही. आता आम्ही भावंडांनी दर महिन्याला त्या घरासाठी थोडं-थोडं काढायचं ठरवलंय. जमीन विकून नाही, पगारातून. काकांनी आधी नको म्हटलं. मग घेतलं.

मला ते शेत परत भाताचं करायचं नाही. तिवरं राहू देत. थंडीत खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी येतात, फ्लेमिंगो हो, तेव्हा मलाही बरं वाटतं. पण त्या जागेवर आमची नावं असावीत, आत्याचंही असावं, इतकंच. नोंद मंजूर झाली त्या दिवशी फेरफाराचा फोटो मी आजीला दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं बोटानं ओळी मोजल्या. “सगली आली काय?” म्हणाली. मी म्हटलं, “हो आजी, सगळी.”

तर मंडळी, आज घरी गेलात की एक काम करा. गावाकडचा सातबारा ऑनलाईन बघता येतो, तो काढा. शेत असो, पडीक असो, पाण्याखाली असो. त्यावर कुणाचं नाव आहे बघा. आणि मुख्य म्हणजे कुणाचं नाही ते बघा. घरातल्या आत्यांना, मावश्यांना विचारा, त्या बांधावर गेल्या होत्या का. काय उत्तर आलं ते मला व्हॉइस नोटनं पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही ऐकवेन.

चला, भेटू. काळजी घ्या.